‘सदर’, ‘प्रस्तुत’ आणि पडलेल्या पोफळी

पत्र:
‘नमस्कार मॅडम. मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातली. एम. ए. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाचा विषय २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतरच्या सुपारीच्या, म्हणजे पोफळींच्या, वाड्या. आमचीही वाडी आहे, वादळात जवळपास सगळी गेली. पहिलं प्रकरण मनापासून लिहिलं, तर सरांनी लाल पेनाने “हे ललित झालं, शोधनिबंधाची भाषा हवी” असा शेरा मारून परत दिलं. मग जुने प्रबंध चाळून तशी भाषा केली. आता सर म्हणतात, “काय म्हणायचंय तेच कळत नाही.” दोन्ही मजकुरांतलं एकेक वाक्य सोबत पाठवते. शोधनिबंधाची भाषा म्हणजे नक्की काय? ती इतकी कोरडी का? आणि आपल्याच गावाबद्दल परक्यासारखं लिहायचं का?
– एक वाडीवाली’

प्रिय वाडीवाली,

तुझ्या सरांचे दोन्ही शेरे मला पटले. तुला ते एकमेकांच्या उलट वाटतात, कारण दोन्ही खेपेला तू फक्त शब्दांकडे पाहिलंस. आधी घरातले शब्द होते, मग कचेरीतले आले. वाक्याच्या पोटात जे होतं ते तेवढंच राहिलं. तू पाठवलेली वाक्यंच समोर घेऊ.

पहिलं: ‘निसर्गने आमच्या गावाचं कंबरडं मोडलं आणि वाडीत औषधालासुद्धा पोफळ उभी राहिली नाही.’

दुसरं: ‘सदर चक्रीवादळाच्या अनुषंगाने प्रस्तुत परिसरातील पूगफल-उद्यानांचे अपरिमित नुकसान झाल्याचे निदर्शनास आलेले आहे.’

सुपारीच्या वाडीला ‘पूगफल-उद्यान’ म्हटलेलं वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. आजोबांना एकदा ‘पूगफल-उद्यानाला पाणी लावलं का’ असं विचारून बघ. पण गंमत राहू दे. दोन्ही वाक्यांना तेच प्रश्न विचार. गाव कोणतं, परिसर कुठून कुठपर्यंत? पोफळी किती होत्या, किती गेल्या? खोडात मोडल्या की मुळासकट उन्मळल्या? कुणी पाहिलं, केव्हा पाहिलं? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर दोन्हीपैकी कुठल्याच वाक्यात नाही. पहिलं वाक्य निदान तुमच्यावर काय गुदरलं ते तरी सांगतं. दुसरं तेही सांगत नाही. वर ‘निदर्शनास आलेले आहे’ म्हणताना कुणाच्या निदर्शनास, ते झाकून ठेवतं. मला विचारशील तर शोधनिबंध म्हणून दुसरं वाक्य पहिल्याहून वाईट आहे.

वादळानंतर तुमच्या गावात तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला फिरले असतील. समोरच्या माणसाचे डोळे भरलेले त्यांना दिसत नव्हते असं थोडंच आहे? पण कागदावर गट नंबर आला, क्षेत्र आलं, झाडं किती आणि पडली किती ते आलं, पंचांच्या सह्या आल्या. कारण तो कागद पुढे जो वाचणार तो वाडीत आलेला नसतो आणि येणारही नसतो. लिहिणाऱ्याच्या शब्दावर त्याने विश्वास ठेवावा असं दोघांत काही नातंही नसतं. शोधनिबंध हा या पंचनाम्याचा चुलतभाऊ समज. पंचनामा आकडा लिहून मोकळा होतो. तुला पुढे जाऊन ‘असं का झालं’ हेही विचारायचं असतं, आणि चुकायला खरी जागा तिथेच असते.

न पाहिलेल्या वाचकासाठी लिहायची ही रीत जुनी आहे. लंडनची रॉयल सोसायटी १६६० साली स्थापन झाली. तिच्या लॅटिन ब्रीदाचा अर्थच असा, की कुणाच्या शब्दावर विसंबू नका. १६६५ पासून तिचं नियतकालिक निघू लागलं, ते आजही निघतं. त्याच मंडळींतला रॉबर्ट बॉइल आपले प्रयोग कंटाळा येईल इतक्या तपशिलाने लिहायचा. उपकरण कसं होतं, कुठे फसलं, सगळं. खोलीत हजर नसलेल्या माणसालाही प्रयोग जणू समोर पाहिल्यासारखा तपासता यावा, हा त्यामागचा हेतू.

आपल्याकडचं उदाहरण तर तुझ्या तालुक्यातलंच आहे. दापोलीत शाळा शिकलेले पां. वा. काणे पुढे मुंबईत हायकोर्टात वकिली करायचे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे खंड १९३० ते १९६२ अशी तीस-बत्तीस वर्षं निघत राहिले, आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. ग्रंथालयात त्यातला एखादा खंड मिळाला तर वाचू नकोस, नुसता उघडून बघ. कित्येक पानांवर वरचा मजकूर आणि खालच्या तळटीपा यांत कोण मोठं ते ठरवणं कठीण. वर काण्यांचं मत, खाली मूळ वचन. मत पटलं नाही तर खाली बघ आणि तुझं तू ठरव, असा रोखठोक व्यवहार. वकिलाला पुरावा जोडल्याशिवाय चैन पडत नसावं.

आता तुझं वाक्य. आकडे तुझ्या वहीत आहेत, म्हणून मी अमुक-तमुक घालते:

‘अभ्यासासाठी निवडलेल्या अमुक वाड्यांपैकी तमुक वाड्यांत निम्म्याहून अधिक पोफळी पडल्या. पडलेल्यांपैकी बहुतेक खोडात मोडल्या होत्या, उन्मळलेल्या कमी होत्या. वादळापूर्वीची झाडांची संख्या बागायतदारांनी सांगितलेली आहे. पडलेल्या झाडांची संख्या पंचनाम्याच्या नोंदींवरून घेतली आहे.’

(मोडलेल्या जास्त की उन्मळलेल्या, हे मी उदाहरणापुरतं लिहिलंय. तुझ्याकडे उलटं असेल तर उलटं लिही.)

यात आजोबांना न कळणारा एक शब्द नाही. तरी सर याला ललित म्हणणार नाहीत आणि कळत नाही असंही म्हणणार नाहीत. शेवटची दोन वाक्यं नीट बघ. त्यांनी तू वाचकाच्या हातात काठी दिलीस. एखादा म्हणेल, ‘भरपाई मिळायची असताना माणूस आपल्या पोफळी वाढवूनच सांगणार, या आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा?’ रास्त प्रश्न आहे, आणि तो विचारता आला तो तू आकडा कुठून आणलास ते सांगितलंस म्हणून. पूगफलवाल्या वाक्याशी कुणाला भांडताच येत नाही. भांडता येत नाही म्हणून ते भारदस्त वाटतं, आणि जुन्या प्रबंधांच्या कपाटात अशा भारदस्तपणाची कमी नाही.

‘नुकसान’ हा शब्द तुझ्या दोन पानांत नऊ-दहा वेळा तरी येईल, याची मला खात्री आहे. त्याचा अर्थ पहिल्याच प्रकरणात ठरवून टाक. तुला आठवत असेल, वादळानंतर भरपाई हेक्टरी द्यायची की झाडामागे, यावरून किनाऱ्यावर केवढा गदारोळ झाला होता. किनाऱ्यावरची वाडी असते काही गुंठ्यांची, पण तिच्यात माड, पोफळी, त्यांच्या सावलीत जायफळ, पोफळीवर चढवलेली मिरी. हेक्टरी मोजलं तर ती चिमूटभर, झाडामागे मोजलं तर भरगच्च. पोफळ मोडली की तिच्यावरची मिरी जाते, आणि जायफळ स्वत: पडलं नसलं तरी त्याच्या डोक्यावरची सावली जाते. हे सगळं नुकसानात धरायचं का? पोफळ पुन्हा लावली तर उत्पन्न यायला काही वर्षं जातात. ती वर्षं धरायची का? तू कुठलाही एक अर्थ घे, पण तो आधी सांग आणि शेवटच्या पानापर्यंत बदलू नकोस. ललित लेखात तोच शब्द परत आला की कानाला खटकतो, म्हणून आपण हानी, पडझड, वाताहत असं फिरवत राहतो. इथे तसं केलंस तर वाचकाला वाटेल की हानी वेगळी आणि नुकसान वेगळं. निबंधात शब्दाची पुनरुक्ती चालते, शाळेतल्या बाई काहीही म्हणोत.

मर्यादेचंही असंच. वादळाच्या दिवसांत सगळ्यांच्या फोनवर ‘१२९ वर्षांत पहिल्यांदा महाराष्ट्रावर चक्रीवादळ’ असं फिरत होतं. आता नोव्हेंबर २००९ मधलं फयान आठव. तेही कोकण किनाऱ्यावरच आलं होतं. मग ते १२९ वर्षं आलं कुठून? निसर्गबद्दलची मूळ नोंद अशी की १८९१ नंतर जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलेलं ते सर्वांत तीव्र चक्रीवादळ. ‘जून महिन्यात’ आणि ‘सर्वांत तीव्र’ हे तुकडे गळाले, आणि खरं विधान खोटं झालं. मुद्दाम कुणी खोटं बोललं नव्हतं. वाक्य सुटसुटीत करताना ते झालं. वादळ नेमकं कुठे धडकलं याचंही तसंच: कुणी अलिबाग म्हणालं, कुणी श्रीवर्धन-दिवेआगर. तुझ्या निबंधात ते ‘३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर’ एवढंच हवं असेल तर तेवढंच लिही. नेमकी जागा लागणार असेल तर हवामान खात्याचा अहवाल काढ आणि त्याचं नाव घे. बातम्यांवर भागवू नकोस. शोधनिबंधातली वाक्यं लांब होतात ती बहुतेकदा असे तुकडे जपावे लागतात म्हणून. लांबी तिथे कमावलेली असते. ‘च्या अनुषंगाने’ घालून वाढवलेली लांबी वेगळी.

आता एक गोष्ट, जी मला तुझ्या पत्रात भाषेपेक्षा जास्त महत्त्वाची वाटली. वाड्यांची पाहणी केव्हा केलीस ते तू लिहिलेलं नाहीस. निसर्गनंतर वर्षाच्या आत, मे २०२१ मध्ये तौक्ते याच किनाऱ्यालगत वर गेलं. ते गुजरातेत धडकलं तरी जाता जाता कोकणाला हिसका देऊन गेलं. तू पाहिलेली रिकामी जागा कुठल्या वादळाची? निसर्गमध्ये कलंडलेली पोफळ तौक्तेत पडली असेल तर ती कुणाच्या नावावर लिहायची? पडझडीच्या दु:खात बुडालेला लेखक हा प्रश्न विचारणार नाही, आणि विचारू नये. निबंध लिहिणाऱ्याला तो विचारावाच लागतो. म्हणूनच ‘निसर्गमुळे’ असं सरसकट लिहिण्याऐवजी ‘पाहणीच्या वेळी आढळलेली पडझड’ असं लिहावं लागतं, आणि तिच्यातली किती निसर्गकडे जाते हे कशावरून ठरवलं ते वेगळं सांगावं लागतं. लोकांना ही भाषा कचखाऊ वाटते. माझ्या मते जेवढं कळलंय तेवढंच लिहायला जास्त धीर लागतो.

पण बेतानं. ‘असावे’, ‘दिसते’, ‘संभवते’ ही क्रियापदं जिथे खरीच शंका आहे तिथे. मोजलेल्या पोफळीबद्दल ‘पडल्या असाव्यात’ लिहू नकोस, त्या पडल्यात. आणि ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे तर मी कायद्याने बंद केलं असतं. नाकारता येत नाही अशा शक्यता जगात इतक्या आहेत की त्या वाक्याला काही वजनच उरत नाही.

‘मी’ लिहायचं की नाही, हे सरांना विचार. विभागाची रीत असते, तिच्याशी लघुप्रबंधात भांडण्यात अर्थ नाही. ‘संशोधिकेने’ लिही म्हणाले तर तसं लिही. मात्र ‘मी’ हे काही पाप नव्हे. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली डीएनएची रचना मांडली त्या जेमतेम पानभराच्या निबंधाची सुरुवातच ‘आम्ही अशी एक रचना सुचवू इच्छितो’ या अर्थाच्या वाक्याने आहे. कोण बोलतंय ते सांगितलं, आणि ‘सुचवतो’ म्हणून दाव्याचं मापही सांगितलं. ‘करण्यात आले’, ‘घेण्यात आल्या’, ‘आढळून आले’ ही रांग लागली की मराठी वाक्य झोपी जातं आणि काम कुणी केलं तेही हरवतं. मुलाखती तू घेतल्यास की गावातल्या एखाद्या मुलाकडून फॉर्म भरून घेतलेस? वाचकाला ते कळायला हवं.

आणि आता परक्यासारखं लिहायचं का, याबद्दल. तू या गावची आहेस हे लपवणं हेच अशास्त्रीय होईल. अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात स्वच्छ लिही: संशोधिका याच गावातली आहे, तिच्या कुटुंबाची वाडी आहे, त्या वाडीचं नुकसान झालं आहे, आणि ती वाडी अभ्यासात धरली आहे किंवा धरलेली नाही. दोन-चार वाक्यांचं काम. मग वाचक स्वत: ठरवेल की तुझ्या कुठल्या निरीक्षणाला किती सूट द्यायची. गावची असल्याचा फायदा तर केवढा आहे! वाळवणात सुपारी किती कमी दिसायला लागली, श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची रोपं कुणी आणली, कुणी वाडी मोडून पर्यटकांसाठी खोल्या काढल्या, हे बाहेरून आलेल्या संशोधकाला महिनाभर कळणार नाही. तुला ते ओटीवर बसून कळतं. फक्त ‘गावात सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा धरू नकोस. समुद्राकडच्या ओळी जास्त पडल्या असं सगळे म्हणत असतील तर जाऊन मोज. बहुधा तसंच निघेल. नाही निघालं तर तुझ्या निबंधातलं ते सर्वांत वाचनीय पान होईल.

माणसांचे शब्द टाकून द्यायचे नाहीत. एखादे काका म्हणाले असतील, ‘बापानं लावलेली वाडी माझ्या डोळ्यादेखत आडवी झाली.’ ते तसंच्या तसं अवतरणात ठेव, त्यांच्या बोलीत, खाली ‘बागायतदार क्र. ७, मुलाखत’ आणि तारीख. त्याला ‘उत्तरदात्याने भावनिक आघात व्यक्त केला’ असं करू नकोस. दु:ख त्यांचं आहे, त्यांच्या तोंडी राहू दे. पुढे तू विचार की वय जास्त असलेल्या बागायतदारांनी पुन्हा लागवड केली की नाही, आणि त्या वाक्याचा त्या निर्णयाशी काही संबंध दिसतो का. खरं नाव घालायचं नाही, आणि मुलाखत छापायची परवानगी त्यांच्याकडून घ्यायची, हे तुला सरांनी सांगितलंच असेल.

मनापासून लिहिलेलं ते पहिलं प्रकरण फाडू नकोस. मला त्यातलं फक्त एक वाक्य दिसलं, पण लिहिणारीचा हात त्यात दिसतो. दिवाळी अंकाला पाठव. तिथे ते त्याच्या जागी असेल आणि कुणी तुला ‘औषधालासुद्धा’ म्हणजे किती टक्के, असं विचारणार नाही.

संदर्भांबद्दल थोडक्यात. आधीच्या अभ्यासांचा आढावा म्हणजे नावांची माळ नव्हे. दापोलीच्या कृषी विद्यापीठातलं पोफळीवरचं काम तुझ्या हाताशी आहे. कोण काय म्हणतं, तुझे आकडे कुणाशी जुळतात आणि कुणाशी नाही, एवढं लिही. आणि जुन्या प्रबंधांतून भाषा शिकता शिकता परिच्छेदच उचलला जातो, तिकडे लक्ष ठेव. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पण त्याच्या वर ४० टक्क्यांपर्यंत दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. टक्केवारी कमी यावी म्हणून शब्द उलटेपालटे करण्यात लोक रात्री घालवतात. आपल्या वहीतल्या आकड्यांबद्दल लिहिलं तर तो उद्योगच करावा लागत नाही.

सरांकडे पुढच्या वेळी अख्खं प्रकरण नेऊ नकोस. ‘नुकसान’ची व्याख्या, वाड्या कशा निवडल्या ते, आणि निष्कर्षाचा एखादा परिच्छेद, अशी दोन पानं ने. तौक्तेचा प्रश्न मात्र सगळ्यात आधी काढ. काही वाड्या पुन्हा फिरून बघाव्या लागतील असं ते म्हणाले, तर ते पाऊस लागायच्या आत उरकावं लागेल.